कपाट क्रमांक चार

सहावीची बत्तीस पोरं, एक एस.टी.,
पावसच्या वळणावर दोघांना ओकारी,
आणि माझ्या पिशवीत आशिया खंडाचा नकाशा,
घडीवर फाटलेला, बरोबर इराणमधून.

संग्रहालयात पंखा एकच, तो पहारेकऱ्याच्या डोक्यावर.
काचेमागे निळ्या वेलीची फुटकी बशी.
"बाई, फुटक्या बशीला कुलूप कशाला?"
रेवा भाटकर विचारते. तिच्या घरी
फुटलेलं सगळं माडाच्या आळ्यात जातं.
म्हटलं, ही चीनहून आली, गलबतातून.
"म्हंजे आमची लोणच्याची बरणी पण?"
मी थांबले.
चिनी माती, चिनी माती,
जन्मभर म्हणत आले,
कधी शब्दाचं झाकण उघडून पाहिलं नाही.

पुढच्या दालनात लाकडी सुकाणू.
सुफियान सोलकर पाटी वाचत नाही,
वाकून खिळे मोजतो.
सुकाणू अरबी शब्द, मी सांगते, नाखवा फारसी.
"नाय वो बाई, नाखवा म्हंजे माजा आजा."
वर्ग हसतो. बरोबर दोघांचंही असतं.

कपाट क्रमांक चार, नेपाळ.
एक पितळी दिवा, एक कुकरी.
काळ: अनिश्चित. दाता: अज्ञात.
सुनकली बुढा तिथून हललीच नाही.
तिचा बाप कलमांच्या बागेत राखणीला,
दिवाळी झाली की येतात, आंबा उतरला की जातात,
हजेरीपटावर ती अर्धंच वर्ष असते.
बोलली काही नाही. पाटीवरच्या शब्दावर बोट ठेवून
ओठांतल्या ओठांत दुरुस्ती केली:
खुकुरी.

सोमवारी वर्गातच मांडायचं ठरलं आमचं संग्रहालय.
समुद्रापलीकडून आलेली एकेक वस्तू घरून आणा,
पुठ्ठ्यावर लिहा: नाव, गाव, काळ, दाता.
कुवेतच्या दूध पावडरीचा डबा आला, आत सुकट.
होडीच्या जपानी इंजिनाची घासलेली पाटी.
मस्कतहून आलेली चादर, कोपऱ्यावर चीनचा शिक्का.
रेवाची बरणी, लोणच्यासकट.
एकानं खजुराची बी आणली. काळ: काल रात्री.

सुनकलीनं दप्तरातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली
आणि बाकं सरकली.
"बाई, ही समुद्रातून नाय आली," कुणीतरी म्हणालं.
खरंच की. नेपाळला समुद्रच नाही,
माझा नियमच चुकला होता.
तोवर सातोपे सर आले. हत्यार शाळेत चालणार नाही,
आणि त्यांचंही चूक नव्हतं.
ऑफिसच्या लोखंडी कपाटात,
खडूचे खोके आणि जनगणनेचे कागद यांच्या मधे
ठेवली, किल्ली फिरवली.
मला ती बशी आठवली.

संध्याकाळी जितबहादुर आला, कपाळाला बॅटरी,
बोटांना कलमांचा चीक.
म्हणाला, बागेत दिवसभर तीच लागते, बाई,
पोरीनं न विचारता उचलली, रागावू नका तिला.
सरांनी रजिस्टर पुढे केलं: वस्तू परत मिळाली, सही.
मी अंगठ्यासाठी शाईचं पॅड शोधत होते.
त्यानं पेन उचललं
आणि लिहिलं, सावकाश,
आपल्याच बाराखडीत, वरची रेघ शेवटी ओढून,
माझ्या कितीतरी पोरांपेक्षा सरळ.
पॅड मी खणात परत सरकवलं.
कुणी पाहिलं नसावं.

पुठ्ठा तेवढा राहिला फळीवर,
बरणी आणि इंजिनाची पाटी यांच्या मधल्या रिकाम्या जागेत.
पोरं तिथे दुसरं काही ठेवत नाहीत,
मी सांगितलेलं नाही तरी.
सुनकलीचं अक्षर, थोडं बापासारखं.
नाव: खुकुरी. गाव: रुकुम. काळ: रोज.
दाता या शब्दावर काट मारून
पुढे लिहिलंय:
परत हवी.